हाताने आवळलेले चार बोल्ट

नागोजी अण्णांनी पहिल्या भेटीत माझं तोंडसुद्धा पाहिलं नाही. चामराजपेटेतल्या त्यांच्या अरुंद गल्लीत मी गाडी कशीबशी घुसवली आणि बहिणीशी फोनवर बोलत खाली उतरले, तोवर पासष्टीचा एक शिडशिडीत माणूस जमिनीला तळहात टेकवून माझ्या गाडीखाली डोकावत होता. बराच वेळ डोकावला. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "सांगलीकडच्या काय तुमी?" माझं फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी हो म्हटलं, तर म्हणाले, "गाडीचं तोंड सगळे पुसतात, अक्का. पोट कोणी बघत नाहीं." मग उठले, हात झटकले आणि गाडीखाली काय काय सैल आहे ते एका दमात सांगितलं. माझं नाव त्यांनी तिसऱ्या भेटीत विचारलं.

मी बेंगळुरूच्या मारतहळ्ळीला राहते आणि रिंग रोडवरच्या एका कंपनीत काम करते. तिथून चामराजपेट म्हणजे शहराचं दुसरं टोक. घराजवळ शंभर गॅरेजं असताना तेवढ्या लांब कशाला जातेस, असं ऑफिसातले विचारत. मी जात असे, कारण तिथे मला मराठी ऐकायला मिळे. अण्णांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. येताना आणलेली मराठी आणि इथे मिळालेली कन्नड त्यांनी एकाच डब्यात भरली होती आणि मधली ताटली केव्हाच हरवली होती. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे असून ते मला अक्का म्हणत. मी त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, काकू. अण्णांची बायको काकू कशी, हा प्रश्न आम्हा तिघांनाही कधी पडला नाही.

गॅरेज म्हणजे घराच्या पुढची एक खोली. एक गाडी आत गेली की माणसांनी बाहेर उभं राहायचं. याच जागेत अण्णांचे आजोबा टांग्यांची चाकं बसवत, वडील लॉऱ्यांच्या कमानी. अण्णांना मूलबाळ नव्हतं आणि हाताखाली माणूस ठेवणं त्यांना जमलं नाही. "दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट मला झोपू देत नाहीं," असं ते म्हणत. एकटेच काम करत, दिवसाला फार तर दोन गाड्या घेत. तिसरी आली तर हात जोडून नको म्हणत, "आज बेडा. घाईचं काम सडकेवर पडतं."

त्यांच्या गॅरेजात कागदाचा एक चिटोरा नव्हता. सगळं डोक्यात. कोणाच्या गाडीचं काय केलं, काय राहिलं, काय पुढच्या वेळी बदलायचं, ते सगळं ते गाडी परत देताना तोंडी सांगत आणि सांगून झालं की गिऱ्हाइकाला म्हणत, "म्हणा बघू." गिऱ्हाईक डॉक्टर असो की वकील, त्याला शाळेतल्या पोरासारखं ते परत म्हणून दाखवावं लागे. चुकलं तर किल्ली मिळत नसे. माझी नोकरी अशी, की काल जेवणाच्या सुट्टीत कोण काय म्हणालं तेसुद्धा आम्ही मेलमध्ये लिहून ठेवतो. मी त्यांना चिडवायची, "अण्णा, एक वही घाला." ते म्हणत, "वहीला काय कळतं? वही शाई बघते. मी गाडी बघतो."

एकदा माझ्यासमोर चार वर्षांनी आलेला एक गृहस्थ तावातावाने भांडू लागला, की हे रबर बदलायचं म्हणून तुम्ही मला सांगितलंच नव्हतं. अण्णांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या मुलीची त्या दिवशी परीक्षा होती," ते म्हणाले. "तुमी सारखं घड्याळ बघत होता. मी डावीकडचं रबर म्हणून सांगिटलं, तुमी उजवीकडचं म्हटलं. मी परत म्हणायला लावलं. मग बरोबर म्हटलं." त्या माणसाने थोडा वेळ आठवलं आणि चक्क स्वतःचा कान धरला. अण्णांना आनंद झाला तो वाद जिंकल्याचा नव्हता. डोकं अजून जागच्या जागी आहे, याचा होता. सत्तरीकडे झुकलेल्या त्या माणसाची सगळी मिळकत, सगळी पत त्या एका डोक्यात होती आणि ते त्यांना माहीत होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. बेंगळुरूत त्या दिवशी रिक्षापासून बसपर्यंत प्रत्येक वाहनाला झेंडूच्या माळा पडतात आणि रस्त्यात कोहळे फोडतात. अण्णांकडे तो दिवस अवजारांचा. सगळे पाने, हातोड्या, जॅक घासूनपुसून देवासमोर मांडलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, फूल. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं एकही उचलायचं नाही, हा त्यांच्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. मी मार्केटजवळच्या एका हम्पवरून, म्हणजे स्पीडब्रेकरवरून, जरा जोरात गेले आणि गाडीखालून खरखर सुरू झाली. गल्लीत पोचेपर्यंत लोक वळून वळून पाहत होते.

अण्णा नवं धोतर नेसून दारात उभे होते. तसेच वाकले. इंजिनाच्या खाली एक लोखंडी पत्रा असतो, दगड आणि चिखल वर उडू नये म्हणून. त्याचे पुढचे दोन बोल्ट गळून पडले होते आणि तो रस्त्याला घासत होता. मागचे दोन झिजून, बोटांनीही निघतील असे, कसेबसे टिकून होते. "आज पाना उचलणं नाहीं, अक्का," ते म्हणाले. "गाडी इथं ठेवा, रिक्षानं जा." मी म्हटलं, एवढ्या गर्दीत मारतहळ्ळीपर्यंत रिक्षा कोण येणार, आणि उद्या सुट्टीचं परत रिक्षाने यायचं म्हणजे… वगैरे. मी जरा रडवेला सूर लावला, खोटं कशाला सांगू. तो सूर लावला की कामं होतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

अण्णांनी आतून गोणपाट आणलं, एका डब्यातून चार बोल्ट घेतले आणि नव्या धोतरासकट गाडीखाली सरकले. काकू दारातून ओरडत होत्या, ते खालून म्हणत होते, "बोल्ट म्हणजे अवजार नव्हे. बोटांना पण आज सुट्टी नाहीं." चारही बोल्ट त्यांनी नुसत्या बोटांनी, जेवढे वळतील तेवढे वळवले. बाहेर आले तेव्हा बोटं लाल झाली होती. "हे नुसतं धरून ठेवलंय. आवळलेलं नाहीं. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की मी पाना घेतो, तुमी या. दोन मिनिटांचं काम. म्हणा बघू."

मी म्हटलं, "उद्या सकाळी येते आणि पाना लावून घेते."

"सरी," ते म्हणाले, आणि आम्ही पुरणाच्या होळिगे खायला आत गेलो.

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी उशिरा उठले. त्यानंतरच्या रविवारी पाहुणे आले. मग ऑफिस सुरू झालं. मी विसरले असते तर आज हे लिहिताना हात इतका जड झाला नसता. मी विसरले नव्हते. गाडी सुरू करताना मला निदान तीनदा आठवलं आणि तिन्ही वेळा मी मनाशी म्हटलं, आवाज तर येत नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी ऑफिसला जाताना, रिंग रोडवरच्या एका उड्डाणपुलाच्या सांध्यावर गाडी आदळली आणि खालून काहीतरी धाडकन सुटलं. आरशात मला पत्रा दिसला, रस्त्यावरून घसरत चाललेला, आणि त्याच्यामागे एक स्कूटर. रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक नर्स होती. तिने पत्रा चुकवायला स्कूटर वळवली आणि ती पडली. मांडीचं हाड मोडलं, मनगट मोडलं. शुद्धीवर होती. मी तिच्याजवळ बसले तेव्हा ती मला कन्नडमध्ये एकच गोष्ट विचारत होती, की माझी स्कूटर कडेला घेतली का, मागच्यांना अडचण होईल. ते ऐकून मला रडू फुटलं. आताही फुटतं.

दवाखान्यात तिचा भाऊ आला. तरणाबांड, पण समंजस. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, हा पत्रा कुणी बसवला होता? मी म्हटलं, चामराजपेटेत एक मेकॅनिक आहेत, त्यांनी. तो म्हणाला, त्यांना विचारू. त्यांनी नीट बसवला नसेल तर तुमचा काय दोष? पण सैल आहे हे माहीत असून तुम्ही गाडी चालवली असेल, तर मात्र मी पोलिसांत जाणार. तो धमकी देत नव्हता. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

मारतहळ्ळीपासून चामराजपेटेपर्यंत दीड तास लागला. तो शेजारच्या सीटवर बसला होता आणि मी मनातल्या मनात एक वाक्य घोकत होते. परीक्षेला जाताना उत्तर घोकावं तसं. मला पोलीस, कोर्ट, नोकरी, सोसायटीतले लोक, सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. अण्णा दिसत नव्हते.

भावाने कन्नडमध्ये सगळी हकिकत सांगितली. अण्णा हातातला पाना खाली न ठेवता ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर मला अपेक्षा होती की ते माझ्याकडे बोट दाखवतील, त्या रबरवाल्या गृहस्थाला दाखवलं तसं. ते त्या मुलाला म्हणाले, "नन्नदे तप्पु." चूक माझीच. मला कन्नड मोडकंतोडकं येतं, पण एवढं कळत होतं. नेम मोडायचा नव्हता तर गाडी जाऊ द्यायची नव्हती, गाडी जाऊ द्यायची होती तर नेम मोडायचा होता, असं काहीसं ते त्याला सांगत राहिले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी बहिणीची चौकशी केली. त्याचा राग ओसरलेला मला दिसला. माझी सुटका झाली होती.

मग अण्णा माझ्याकडे वळले आणि मराठीत, हळू आवाजात, म्हणाले, "अक्का, दसऱ्याच्या सकाळी या म्हणून मी सांगिटलं होतं, अल्वा? तुमच्याकडनं म्हणून पण घेतलं होतं ना?"

त्या मुलाला मराठीचा शब्द कळत नव्हता. अण्णांनी मुद्दाम मराठीत विचारलं होतं, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. त्यांना माझ्याकडून साक्ष नको होती. चूक त्यांनी आधीच अंगावर घेतली होती. त्यांना फक्त स्वतःपुरतं जाणून घ्यायचं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं आणि माझ्या केसालाही धक्का लागला नसता. पण वाटभर घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, "नाही अण्णा. तसं काही तुम्ही म्हणाला नव्हतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते आठवून बघत होते. "नाहीं सांगिटलं?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. "सरी," ते म्हणाले. "मग माझंच राहिलं असेल." आणि हातातला पाना त्यांनी भिंतीवर टांगायच्या ऐवजी पायाशी जमिनीवर ठेवला.

नर्सच्या दवाखान्याचा खर्च मी केला. तो करणं सोपं होतं. ती चार महिन्यांनी कामावर गेली, आजही भेटली की हसते. अण्णांकडे जायचं मात्र मी टाळलं. घराजवळच्या गॅरेजात जाऊ लागले. तिथे संगणकावर सगळं लिहून ठेवतात आणि कोणी काही म्हणून दाखवायला लावत नाही.

युगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, सुमारास काकूंचा फोन आला. गॅरेज बंद केलंय, म्हणाल्या. सुरुवातीला अण्णांनी वही आणली. प्रत्येक बोल्ट लिहू लागले. मग लिहिलेलं खरं की खोटं, म्हणून गाडीखाली जाऊन परत बघू लागले. एका गाडीला तीन-तीन दिवस लागायचे. ब्रेकचं काम घ्यायचं सोडलं, मग सगळंच सोडलं. "गॅस बंद केला काय म्हणून उठून बघतात," काकू सांगत होत्या. "जेवून उठले की मला विचारतात, मी जेवलों अल्वा? डॉक्टर म्हणतात, काही नाहीं, डोकं चांगलं आहे. हे म्हणतात, डॉक्टरला काय ठाऊक, अक्काच्या गाडीचं मला आठवलं नाहीं."

मी फोन ठेवला आणि तशीच निघाले.

गॅरेजात गाडी नव्हती. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही. सहा महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं. माझ्याकडून म्हणून घेतलं होतं. मी त्या दिवशी खोटं बोलले. अण्णा शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते हसले. फार मायेने हसले.

"काकूनं फोन केला काय तुमाला?" त्यांनी विचारलं.

"केला. पण मी खरं सांगतेय, अण्णा. 'उद्या सकाळी येते आणि पाना लावून घेते', असं मी तुम्हाला म्हणून दाखवलं होतं."

"ते मी सगळ्यांना म्हणायला लावतो. तुमाला ठाऊक आहे ते."

"तुम्ही गोणपाटावर झोपला होता. बोटं लाल झाली होती तुमची."

"तेवढं मला आठवतं. पुढचं आठवतं असं वाटतं, पण ते खरं नव्हे. माणूस मागनं आपल्याला हवं तसं आठवतो." त्यांनी मांडीवरची वही मिटली. "आणि तुमी कशाला खोटं बोलाल? शिकलेली माणसं तुमी. तुमाला माझी कसली भीती?"

"तुमची नव्हती. त्या मुलाची होती. पोलिसांची होती."

"मी तर त्याला आधीच माझी चूक म्हणून सांगिटलं होतं. मग भीती कुठं राहिली?"

मी पर्समधून फोन काढला, म्हटलं, त्या मुलालाच आता फोन लावते, तुमच्यासमोर सगळं सांगते, मग तरी पटेल. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्टुलावर पालथा ठेवला. "बेडा, अक्का. त्या मुलीचं हाड जुळलं, तिचं चाललंय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून आता पोलिसांना कशाला बोलावता?" मग आत तोंड करून त्यांनी हाक मारली, "ऐकलं काय? अक्का सगळं आपल्या अंगावर घ्यायला निघालीय. हिला स्वल्प कॉफी दे."

काकू बाहेर आल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी म्हणत राहिले, की नाही हो काकू, हे खरं आहे. जितकं जास्त म्हटलं तितकं त्या दोघांना माझं जास्त कौतुक वाटलं. शेवटी मी कॉफी प्यायले. पाठ थोपटून घेतली आणि घरी आले. त्यानंतर दोनदा गेले, दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी अण्णा किंचित रागावले. म्हणाले, "पुरे आता. चांगुलपणाला पण मर्यादा असते."

श्रावणात ते गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी तेराव्याला गेले. घर नातेवाइकांनी भरलं होतं, कोणी कन्नडमध्ये बोलत होतं, कोणी त्या जुन्या मराठीत. मी मागे, चपलांपाशी बसले होते. काकूंनी मला पाहिलं, उठून आल्या, हाताला धरून पुढच्या पंगतीत नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आमचे हे सांगत होते ती अक्का ही. त्यांच्या हातनं चूक झाली, तर ती हिनं आपल्यावर घेतली. असं मनुष्य आता मिळत नाहीं."

साठ-सत्तर डोळे माझ्याकडे वळले. एका म्हाताऱ्या बाईंनी बसल्या जागेवरून मला हात जोडले. मी तोंड उघडलं. मग मीही हात जोडले आणि पानावर बसले.